बागियोच्या तेरा फेऱ्या

भारतीय बुद्धिबळाचे भाग्य कधी पालटले, असा विषय निघाला की बहुतेक जण २००० सालच्या तेहरानचे नाव घेतात. विश्वनाथन आनंदने तिथे अलेक्सेई शिरोव्हला हरवून फिडे या जागतिक संघटनेचे जगज्जेतेपद मिळवले. कोणी २००७ च्या मेक्सिको सिटीचा दाखला देतो, तर आजची मुले गुकेशने सिंगापूरला मिळवलेल्या जगज्जेतेपदापासून सुरुवात करतात. हे सगळे विजय मोठेच आहेत. पण खरे वळण त्यांच्या कितीतरी आधी, १९८७ साली, फिलिपीन्समधल्या बागियो या डोंगरावरच्या शहरात आले, असे माझे ठाम मत आहे. वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक ज्युनिअर स्पर्धा तिथे भरली होती. मद्रासच्या सतरा वर्षांच्या मुलाने ती जिंकली तेव्हा भारताकडे एकही ग्रँडमास्टर नव्हता. हे किती अवघड होते ते समजायचे, तर आधी त्या स्पर्धेची परंपरा पाहायला हवी.

ही स्पर्धा सुरू झाली १९५१ मध्ये, इंग्लंडात. बर्मिंगहॅमचे बुद्धिबळ संघटक विल्यम रिट्सन मॉरी यांची ती कल्पना. महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि इंग्लंडात अजून रेशनिंग चालू होते. अशा दिवसांत वेगवेगळ्या देशांतल्या पोरांना एकत्र बोलावून पटावर बसवायचे, हा विचारच मला फार मोलाचा वाटतो. पहिला विजेता ठरला युगोस्लाव्हियाचा सतरा वर्षांचा बोरिस्लाव इव्हकोव्ह. डेन्मार्कचा बेंट लार्सन आणि आइसलँडचा फ्रिड्रिक ओलाफसन हेही त्या स्पर्धेत होते. पुढे दोघेही नामांकित ग्रँडमास्टर झाले.

स्पर्धा दर दोन वर्षांनी व्हायची आणि प्रत्येक देशाने साधारणपणे आपला एकच मुलगा पाठवायचा. यजमानांना एखादी जादा जागा मिळे, तेवढाच अपवाद. या साध्या नियमाचे परिणाम फार दूरवर गेले. सोव्हिएत संघाकडे त्या काळी उत्तम खेळाडूंची रांगच्या रांग उभी होती. सांघिक स्पर्धेत त्यांच्यापुढे कोणाचे काही चालत नसे. इथे मात्र त्यांच्याकडूनही एकच मुलगा येणार, आणि त्याच्यासमोर अर्जेंटिनाचा, स्वित्झर्लंडचा किंवा पोर्तो रिकोचा एक मुलगा बसणार. १९५३ मध्ये कोपनहेगनला अर्जेंटिनाच्या ऑस्कर पान्नोने जर्मनीच्या क्लाउस डार्गाशी गुणांत बरोबरी साधूनही टायब्रेकवर विजेतेपद नेले. १९६७ मध्ये जेरुसलेमला पोर्तो रिकोचा ज्युलिओ काप्लान जिंकला. १९७१ मध्ये अथेन्सला स्वित्झर्लंडच्या वर्नर हुगने हंगेरीच्या झोल्टन रिबलीला मागे टाकले. तिसरा आलेला अमेरिकन केनेथ रोगॉफ पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा मुख्य अर्थतज्ज्ञ झाला.

सगळ्यांत थक्क करणारी कामगिरी १९५७ ची, टोरांटोतली. अमेरिकेच्या विल्यम लोंबार्डीने अकराच्या अकरा डाव जिंकले. एकही बरोबरी नाही! लोंबार्डी नंतर कॅथलिक धर्मगुरू झाला आणि १९७२ मध्ये रेक्याविकच्या गाजलेल्या सामन्यात बॉबी फिशरचा सहायक म्हणून त्याच्या पाठीशी उभा राहिला.

सोव्हिएत संघाच्या वाट्याला १९५५ मध्ये अँटवर्पला बोरिस स्पास्कीने मिळवलेले विजेतेपद आले, आणि त्यानंतर तब्बल चौदा वर्षे काहीच नाही. त्यामुळे १९६९ च्या स्टॉकहोमसाठी त्यांनी प्रतिनिधी निवडतानाच कसोटी लावली. तीन होतकरू मुलांना एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळवले. राफाएल व्हागान्यान आणि मिखाईल स्टाइनबर्ग यांना मागे टाकून उरल पर्वतातल्या झ्लातोउस्त गावचा अनातोली कारपोव्ह निवडला गेला. स्टॉकहोमच्या अंतिम गटात त्याने अकरापैकी दहा गुण केले आणि एकही डाव हरला नाही. सहा वर्षांनी तो जगज्जेता झाला.

स्पर्धा जिंकणारा सगळ्यांनाच हरवतो असे मात्र नाही. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या टीसाइडला अलेक्झांडर बेल्याव्हस्की पहिला आला, पण टोनी माइल्स आणि मायकल स्टीन या दोन्ही इंग्लिश मुलांनी त्याला हरवले होते. माइल्स दुसरा राहिला. पुढच्याच वर्षी मनिलाला जाऊन त्याने विजेतेपद घेतले. तेव्हापासून स्पर्धा दरवर्षी होऊ लागली.

या वयातल्या मुलांचा खेळ किती पोचलेला असतो, ते १९८० च्या डॉर्टमुंडमधल्या एका डावात स्पष्ट दिसते. बाकूचा सतरा वर्षांचा गॅरी कास्पारोव्ह पांढरी मोहरी घेऊन बसला होता आणि समोर होता स्वीडनचा राल्फ अकेसन. सुरुवात क्वीन्स इंडियन. कास्पारोव्हने चौथ्या चालीला वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे एकच घर पुढे केले. दिसायला अगदी किरकोळ चाल. काळ्याच्या उंटाला आपल्या घोड्यावर येऊन बसता येऊ नये, हा तिचा हेतू. कास्पारोव्हने त्या वर्षांत ही पद्धत इतकी वापरली की तिची फॅशनच झाली.

अकेसनचे फारसे काही चुकत नव्हते. त्याने किल्लेकोट केला, आपला घोडा कडेकडेने नेत पांढऱ्याच्या गोटात घुसवला आणि तिथून पटाच्या मध्यभागी आणून बसवला. घोड्याघोड्याची मारामारी झाली. मध्यभागी प्यादी एकमेकांना अडवून उभी राहिली, आणि पांढऱ्याचे एक प्यादे काळ्याच्या हद्दीत खिळा ठोकल्यासारखे बसले. पट असा मधोमध बंद झाला की कडेने हल्ला चढवणे सोपे जाते, कारण मध्यातून प्रतिहल्ला येण्याची भीती उरत नाही. कास्पारोव्हने नेमके तेच केले. राजाच्या बाजूची प्यादी त्याने एकेक करून पुढे सरकवली. तिसाव्या चालीला अकेसनच्या उंटाने पटाच्या दुसऱ्या टोकाचे एक प्यादे मारले. हिशेबाने प्यादे फुकटच मिळाले, पण उंट आपल्या राजापासून फार लांब गेला.

पांढऱ्याचे कडेचे प्यादे सहाव्या ओळीत जाऊन काळ्या राजाच्या तोंडाशी उभे राहिले. वाट बंद करायची म्हणून अकेसनने आपले जी स्तंभातले प्यादे एक घर पुढे ढकलले. तेहेतिसाव्या चालीला कास्पारोव्हने त्या प्याद्यावर आपला उंट घातला. काळ्याने तो मारला, वजिराने दुसरे प्यादे टिपून शह दिला, राजा सरकला, वजिराचा आणखी एक शह आला, आणि पस्तिसाव्या चालीला अकेसनने डाव सोडला. काळ्याकडे एक अख्खा उंट जास्त होता. दोन्ही हत्ती पटावर होते. पण राजाच्या मदतीला धावून येईल असे एकही मोहरे जवळ नव्हते. उंट देताना कास्पारोव्हला पुढच्या सगळ्या चाली शेवटापर्यंत दिसत असतीलच असे नाही. राजा एकटा पडला आहे, एवढे मात्र त्याला पक्के दिसले होते. सतराव्या वर्षी ही नजर होती!

तेरापैकी साडेदहा गुण मिळवून कास्पारोव्ह विजेता झाला. नऊ गुणांसह दुसरा आला इंग्लंडचा पंधरा वर्षांचा नायजेल शॉर्ट. तेरा वर्षांनी, १९९३ मध्ये, हेच दोघे लंडनमध्ये जगज्जेतेपदासाठी समोरासमोर बसले.

आता आपल्याकडे पाहू. मॅन्युएल ॲरन १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय मास्टर झाले, भारतातले पहिले. दुसरा मास्टर मिळायला सतरा वर्षे जावी लागली. १९७८ मध्ये तेहरानला आशियाई ज्युनिअर स्पर्धा जिंकून व्ही. रविकुमार यांनी तो किताब मिळवला. म्हणजे तेव्हाही दार उघडले ते तरुणांच्या स्पर्धेनेच.

मुलांमध्ये गुणवत्ता नव्हती असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी ते केव्हाच दाखवून दिले होते. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती शाळकरी वयाच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. १९७६ मध्ये त्यांच्या धाकट्या भगिनी रोहिणी तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या झाल्या. त्याच वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना द्यावा लागला. एका शाळकरी मुलीमुळे जागतिक संघटनेला नियम स्पष्ट करावा लागला, ही गोष्ट महाराष्ट्रात अजून पुरेशी सांगितली जात नाही.

कमी होती ती साधनांची. बेलग्रेडहून वर्षातून दोनदा निघणारा ‘इन्फॉर्मेटर’ हा ताज्या डावांचा संग्रह हाताशी असणे म्हणजे चैन होती. परदेशी स्पर्धा मोजक्या, विमानाचे भाडे परवडणारे नाही, परकीय चलनावर सरकारी निर्बंध. शिवाय डाव तहकूब करण्याची त्या काळची पद्धत. ठरलेल्या वेळात डाव संपला नाही तर खेळाडूने पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, पाकीट पंचाकडे द्यायचे आणि खोलीवर जाऊन त्या स्थितीचा अभ्यास करायचा. सोव्हिएत मुलाच्या खोलीत त्या वेळी प्रशिक्षक बसलेले असत. भारतासारख्या देशातून आलेल्या मुलाकडे असा ताफा नसे. पट एकाच खेळाडूपुढे असला तरी सामना समान नव्हता.

आनंदची जडणघडण मात्र जरा वेगळ्या योगायोगांनी झाली. जन्म ११ डिसेंबर १९६९ चा, गाव मयिलादुतुरै. सहाव्या वर्षी आई सुशीला यांनी त्याला बुद्धिबळ शिकवले. वडील रेल्वेत होते. फिलिपीन्सच्या रेल्वेच्या कामासाठी ते मनिलाला गेले आणि कुटुंबही तिकडे राहायला गेले. त्या दिवसांत फिलिपीन्समध्ये बुद्धिबळाचे वेड होते. युजेनियो टोरे १९७४ मध्ये आशियातला पहिला ग्रँडमास्टर झाला होता. १९७८ मध्ये कारपोव्ह आणि व्हिक्टर कोर्चनॉय यांच्यातला जगज्जेतेपदाचा सामना बागियोलाच झाला. तो तीन महिने चालला आणि बत्तीस डावांनंतर कारपोव्ह सहा विरुद्ध पाच विजयांनी जिंकला. कोर्चनॉयचा आरशासारखा गॉगल, कारपोव्हच्या गोटातला परामानसशास्त्रज्ञ, खेळताना आलेल्या दह्यावरून झालेला वाद अशा गोष्टींनी वर्तमानपत्रे भरून वाहत होती.

मनिलाच्या दूरचित्रवाणीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम असे. आनंद त्या वेळी शाळेत असे. आई ती कूटप्रश्नाची स्थिती उतरवून ठेवायची, संध्याकाळी मायलेक मिळून तो सोडवायचे आणि उत्तर पाठवून द्यायचे. बक्षीस म्हणजे एक पुस्तक. आनंदने इतकी पुस्तके जिंकली की शेवटी त्याला सांगण्यात आले, हवी तेवढी पुस्तके एकदाच घेऊन जा आणि उत्तरे पाठवणे थांबव. ही हकिकत त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती आई. रोज दुपारी कागद-पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसणाऱ्या आईचा या विजेतेपदात मोठा वाटा आहे.

मद्रासला परतल्यावर सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातला ‘ताल चेस क्लब’ त्याचे दुसरे घर झाला. तिथे झटपट डाव चालत आणि हरेल त्याने उठायचे, बाकीचे रांगेत उभे. जागा टिकवायची तर पटापट विचार करणे भाग होते. पुढे जग ज्या वेगाबद्दल बोलत राहिले तो तिथे अंगी मुरला.

१९८३ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सांघिक स्पर्धा झाली. त्यात ‘मद्रास कोल्ट्स’ या पोरांच्या संघातून खेळताना तेरा वर्षांच्या आनंदने खुद्द मॅन्युएल ॲरन यांना हरवले. ॲरन नऊ वेळा राष्ट्रीय विजेते होते! त्यानंतर राष्ट्रीय सब-ज्युनिअर स्पर्धेत नऊपैकी नऊ गुण, १९८४ मध्ये कोइमतूरला आशियाई ज्युनिअर विजेतेपद, मग आंतरराष्ट्रीय मास्टरचा किताब, १९८५ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि सोळाव्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद. घरात जिंकण्यासारखे फार काही उरले नव्हते. बाहेर मात्र जागतिक ज्युनिअर स्पर्धेने त्याला आधीच्या प्रयत्नांत परत पाठवले होते.

१९८७ मध्ये ती स्पर्धा बागियोला आली. लहानपणी जिथे त्याने पुस्तके जिंकली होती त्याच देशात तो आता भारताचा प्रतिनिधी म्हणून उतरला. तेरा फेऱ्या, स्विस पद्धत. या पद्धतीत जिंकणाऱ्याची गाठ पुढच्या फेरीत जिंकणाऱ्याशीच पडते, म्हणून जसजसे गुण वाढतात तसतसा समोरचा खेळाडू तगडा होत जातो आणि दम खायला फेरी मिळत नाही. सोव्हिएत संघाकडून आला होता युक्रेनचा अठरा वर्षांचा वासिली इव्हानचुक, पुढची तीसेक वर्षे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत ज्याची गणना झाली असा विलक्षण प्रतिभेचा मुलगा. आनंदने दहा गुण केले, इव्हानचुकने साडेनऊ. आनंदची एक बरोबरी जरी हारीत गेली असती तरी दोघे एका पातळीवर आले असते. तेरा फेऱ्यांच्या सगळ्या श्रमांचा निकाल अर्ध्या गुणावर लागला.

बुद्धिबळातले जागतिक विजेतेपद भारताकडे आले ते असे. त्याच वर्षाच्या अखेरीस कोइमतूरला शक्ती फायनान्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आनंदने उरलेली अट पूर्ण केली आणि १९८८ उजाडताना देशाला पहिला ग्रँडमास्टर मिळाला. दिब्येंदु बरुआ १९९१ मध्ये आणि मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये त्या यादीत आले. स्पास्की, कारपोव्ह आणि कास्पारोव्ह हे तिघे ज्युनिअर विजेते पुढे जगज्जेते झाले होते. आनंद चौथा ठरला.

बागियोने आपल्या मुलांसाठी ही वाट खुली केली, असे मी म्हणतो ते पुढची नावे पाहून. २००१ मध्ये कोनेरू हंपी अथेन्सला मुलींची जागतिक ज्युनिअर विजेती झाली. २००४ मध्ये कोचीत हरिकृष्ण, २००८ मध्ये तुर्कस्तानात एकाच वेळी अभिजित गुप्ता आणि हरिका. २००९ मध्ये पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने अर्जेंटिनातल्या प्वेर्तो माद्रिनला मुलींचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर पंधरा वर्षे मुलींमध्ये पुन्हा यश आले नाही. जून २०२४ मध्ये गांधीनगरला नागपूरच्या दिव्या देशमुखने अकरापैकी दहा गुण करून, एकही डाव न हरता, ती वाट पुन्हा चालून दाखवली. पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, तिने बातुमीला अंतिम सामन्यात हंपीलाच हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. मुलांमध्ये प्रणव वेंकटेशने २०२५ मध्ये माँटेनेग्रोत आनंद, हरिकृष्ण आणि गुप्ता यांच्यानंतरचे चौथे विजेतेपद आणले.

आज या सगळ्या स्पर्धांचे डाव मोबाइलवर फुकट मिळतात. ‘इन्फॉर्मेटर’साठी तरसणाऱ्या पिढीला हे स्वप्नातही दिसले नसते. घरात पट असेल तर तो काढा, मुलांना समोर बसवा आणि डॉर्टमुंडचा कास्पारोव्ह-अकेसन डाव मांडा. तिसाव्या चालीला काळ्याचा उंट दूरचे प्यादे मारतो तिथे थांबा, आणि पांढऱ्याने आता काय करावे ते मुलांनाच विचारा. उत्तर लगेच सांगू नका.